माथेरानला एक दिवस घोड्यावर, आणि त्याआधीचे पंधरा दिवस

ताईचा नाशिकहून फोन आला की पोरांना घोड्यावर बसवायचंय, पण ते चौपाटीवर गोल चक्कर मारून दहा मिनिटात उतरवतात तसं नाही, नीट जंगलातून दिवसभर, आणि तू डोंबिवलीत राहतोस म्हणजे माथेरान तुझ्या अंगणात, तर तूच सगळं ठरव. मी हो म्हटलं. मला घोड्यातलं काय कळतं तर लहानपणी याच माथेरानला एकदा बसलो होतो आणि घोडा थेट हॉटेलच्या मागच्या दाराशी भाजीची देठं खायला गेला होता, तेवढंच.

आम्ही सात जण. मी, बायको, आमची सहावीतली मुलगी, ताई, भावोजी, त्यांची नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. मी नेहमीप्रमाणे एक्सेल उघडलं आणि एका कॉलमात पॉइंटांची नावं टाकत गेलो, पॅनोरमा, अलेक्झांडर, रामबाग, चौक, वन ट्री हिल, शार्लोट लेक, एको, लुईझा... बारा झाले. प्रत्येकाला पंचवीस मिनिटं. पाच तासात सगळं माथेरान. कागदावर इतकं छान बसलं की मी ते फॅमिली ग्रुपवर टाकलंसुद्धा. भावोजींनी अंगठा दाखवला, त्या अंगठ्याचं मला पुढे फार टेन्शन आलं कारण भावोजींचं वजन ९६ किलो आहे.

ते असं झालं की रात्री सहज वाचत बसलो होतो घोड्यावर किती वजन चालतं म्हणून. तर साधारण धरतात ते असं की घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या वीस टक्के, आणि त्यात खोगीरपण आलं. आता तीनशे किलोचा घोडा असेल तर साठ किलो, त्यातले आठ-दहा खोगीराचे गेले की उरले पन्नास. म्हणजे भावोजी सोडा, मी ७१ आहे, मीपण बसत नव्हतो. एक्सेलमध्ये वजनाचा कॉलम टाकला आणि बायकोला तिचं विचारलं तर ती म्हणाली तुझं तू बघ, माझं मी बघेन. तो सेल शेवटपर्यंत रिकामा राहिला.

मग ठरवलं की आधी एकट्याने जाऊन बघून यायचं. हे लोकांना वेडेपणा वाटतो पण ज्यांना लहान पोरं घेऊन जायचंय त्यांनी जमलं तर कराच, मुंबई-पुण्याकडून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. डोंबिवलीहून कर्जत लोकल, तासाभरात नेरळ, तिथून सीटवर जाणाऱ्या टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाका. त्याच्यापुढे गाड्या नाहीत. माथेरान २००३ पासून इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी जपलेला भाग आहे, त्याआधीपासूनच वर मोटारी नव्हत्या, म्हणून तर घोडे टिकलेत. परवान्याचे घोडे साडेचारशेच्या आसपास सांगतात, आणि त्याशिवाय सामानाचे वेगळे, गॅसचे सिलिंडर, कांदे-बटाटे, सिमेंट, बरंचसं घोड्याच्या पाठीवरूनच वर जात आलंय. आता ई-रिक्षा आल्यात, २०२२ च्या डिसेंबरात पहिल्यांदा सुरू झाल्या, पण त्या मोजक्या.

दस्तुरीला टॅक्सीतून पाय खाली टेकला नाही तोच चार जण आले. बाजार लांब आहे, चालवणार नाही, ट्रेन आत्ता नाहीये वगैरे. त्यातल्या एकाला मी मुद्दाम विचारलं, एक माणूस ९६ किलोचा आहे, चालेल का? तो म्हणाला, "बसवा ना बिनधास्त, दीडशेपर्यंत घेतो आपला घोडा." मागे उभा असलेला त्याचा घोडा माझ्या छातीएवढा होता. मी नगरपरिषदेची प्रवेशाची पावती फाडली आणि रुळाच्या कडेने चालत सुटलो. खरंतर दस्तुरीपासून बाजारापर्यंत पाऊण तासाची सपाट वाट आहे, दोन्ही बाजूंनी जांभूळ, अंजनी, हिरडा, वर फांद्या एकमेकांत गुंतलेल्या, भर दुपारीही ऊन लागत नाही. आणि चालायचंच नसेल तर अमन लॉज स्टेशन तिथेच आहे, बाजारापर्यंत छोट्या ट्रेनची शटल मिळते. दस्तुरीलाच घोडा करून बाजारापर्यंत जाण्यात काही मजा नाही असं माझं मत, सगळी गर्दी त्याच रस्त्यावर, घोड्याला घोडा लागलेला, पैसे तिथेच संपतात आणि जंगलात जायची वेळ येते तेव्हा बूड दुखत असतं.

बाजारात पोचल्यावर मी घोडे ठरवले नाहीत, नुसता बसून बघत राहिलो. एका टपरीवर तीन चहा झाले. थोडं वाचून गेलो होतो काय बघायचं ते. घोडा उभा असताना चारही पायांवर भार देतोय का, मागचा एक पाय सैल सोडून उभा राहिला तर तो आरामात असतो, काळजी नाही, पण पुढचा पाय पुढे काढून भार टाकत नसेल तर तो पाय दुखतोय. चालताना प्रत्येक पावलाला डोकं वर-खाली झटका खातंय का, म्हणजे लंगडतोय. खोगीर उतरवलं की पाठीवर आणि मानेच्या बुडाशी उंचवट्यावर केस गेलेत का, जखम आहे का, तंग म्हणजे खोगीराचा पट्टा आवळतात तिथे पोटाखाली सोललंय का. बरगड्या मोजता येतात का. आणि मला सगळ्यात उपयोगी पडलं ते म्हणजे घोडेवाला जवळ गेल्यावर घोडा काय करतो. काही घोडे कान मागे पाडून मान वळवतात. काही घोडे त्या माणसाच्या खिशाला नाक लावतात.

असा एक खिशाला नाक लावणारा घोडा सापडला, अबलख, म्हणजे दोन रंगांचा, आणि त्याचे मालक साठीच्या पुढचे एक मामा. मी त्यांना माझी बारा पॉइंटांची यादी मोबाइलवर दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पूर्ण वाचली, मग म्हणाले, "शेठ, फिरायचंय का मोजायचंयत?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला पंधरा दिवस कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. पॉइंटाच्या हिशोबाने घोडा केला की त्यातले निम्मे पॉइंट एकमेकांना चिकटून असतात, एको, लँडस्केप, एडवर्ड हे पाच-पाच मिनिटांवर, नाव वेगळं, दरी तीच. आणि घोडा कड्यापर्यंत जात नाही, जाऊच नये, थोडा अलीकडे बांधतात, तुम्ही उतरता, चालत जाऊन फोटो काढता, परत येता, परत चढता. बारा पॉइंट म्हणजे बारा वेळा चढ-उतर. नवख्या माणसाचं अर्ध कंबरडं त्यातच जातं, आणि घोड्याचं तर विचारूच नका, कारण आपण चढताना खोगीर एका बाजूला ओढतो ते त्याच्या कण्यावर येतं. मामा म्हणाले तासावर घ्या, वेळ तुमचा, कुठे थांबायचं ते जनावर आणि मी बघतो. दर नाक्यावरच्या फलकावर लिहिलेले असतात, ते बघून घ्या, मग माझ्याशी बोला.

मी खिशातून टेलरची टेप काढली. हो, नेली होती. घोड्याचं वजन काढायचं एक गणित आहे, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्यायचा सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं, किलो मिळतात, अंदाजे. मामांनी मला टेप लावू दिली, घोड्यानेपण लावू दिली, फक्त टेपचं टोक चाटलं. घेर १६५, लांबी १५०. म्हणजे ३४४ किलो. वीस टक्के ६९. आजूबाजूला आठ-दहा माणसं जमली होती तोपर्यंत, एकाने विचारलं शर्ट शिवताय का त्याला.

"भावोजी ९६," मी म्हटलं.

"नाही जमणार," मामा म्हणाले. लगेच. "त्यांना चालायला सांगा. आणि तुम्हीपण चढाला उतरा."

मी तिथेच ठरवलं की हेच. चार घोडे, मामा आणि त्यांच्या ओळखीचे आणखी दोघं, बुधवार. वारावर माझं ताईशी भांडण झालं कारण पोरांची शाळा बुडणार होती, पण शनिवार-रविवार जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, त्या दिवशी घोडा म्हणजे लोकलच्या फेऱ्या असतात, एक सवारी उतरली की दुसरी, जनावर सकाळपासून दमलेलं आणि माणूसही चिडलेला. पावसाळ्यात तर नकोच, तांबडा चिखल आणि शेवाळ, नेरळ ते अमन लॉज गाडीही तेव्हा बंद असते. मामांचं म्हणणं दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. तेव्हा धूळ असते पण पाय घसरत नाहीत.

घरी येऊन एक्सेलमधून सात पॉइंट उडवले. मग सामान. जीन्सबद्दल सगळे सांगतात की जीन्स घाला, मी सांगतो मांडीच्या आतल्या बाजूला जाड शिवण असेल ती जीन्स घालू नका, दोन तासांनी ती शिवण आणि तुम्ही एवढंच जग उरतं. जाड कापडाची ट्रॅकपँट किंवा लेगिंगवर पँट. सँडल नाही, फ्लोटर्स नाही, पुढून बंद बूट आणि टाचेला थोडा उंचवटा पाहिजे, म्हणजे पाय रिकिबीतून, पाय ठेवायच्या कडीतून, आरपार पुढे घसरत नाही. पडलं आणि पाय रिकिबीत अडकला तर घोडा फरफटत नेतो, घोड्यावरून पडण्यात खरी भीती त्याची आहे. हेल्मेट तिथे मिळेलच असं धरून चालू नका, मिळालं तरी पोरांच्या डोक्याला सैल असतं, आम्ही पोरांची सायकलची नेली, घोड्यासाठीची वेगळी असतात ते माहीत आहे पण घट्ट बसणारं सायकलचं हे सैल बसणाऱ्या कुठल्याहीपेक्षा बरं असं आम्ही धरलं. नाकाला रुमाल. रोख पैसे, सुट्टे, कारण रेंज कधी असते कधी नसते. माकडं आहेत म्हणून खाण्याची पिशवी हातात नाही, पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून.

बुधवारी सकाळी साडेनऊला आम्ही दस्तुरीला उतरलो. तोच माणूस परत आला, भावोजींकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "साहेब बसा, मस्त घोडा आहे." भावोजी बसायला निघालेच होते. मी त्यांना दंडाला धरून रुळाकडे नेलं. त्यांना मी आधी फोनवर स्पष्ट सांगितलं नव्हतं, चूक माझी, नात्यात ९६ हा आकडा कसा काढायचा कळलं नाही, मग वाटेत सांगितलं, अहो भावोजी, घोड्याला झेपत नाही. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरंय, मला तसंही चालायचं डॉक्टरने सांगितलंय."

बाजारात मामा घोडे घेऊन उभे. त्यांनी आधी पोरांना घोड्यावर न बसवता घोड्यासमोर उभं केलं, तळहात सपाट धरून हरभरे द्यायला लावले, बोटं वर केली की चावेल, मुद्दाम नाही, त्याला दिसत नाही म्हणून. ताईचा मुलगा जो नेहमी सगळ्यात पुढे असतो तो मागे लपला आणि माझी मुलगी जी कुत्र्याला घाबरते ती घोड्याच्या मानेला हात लावून उभी राहिली. मामांनी मग प्रत्येकाची रिकीब लावली, त्याला वेळ दिला त्यांनी, बसल्यावर पाय लोंबता ठेवून रिकिबीचं पायदान घोट्याशी आलं पाहिजे. चवडा रिकिबीत, टाच खाली. चढायचं डाव्या बाजूने. चढावर पुढे वाका, उतारावर थोडं मागे रेला, लगाम ओढून त्यावर लटकू नका, तोंड आहे त्याचं, बसच्या वरची दांडी नाही.

बायको बसली. दोनशे मीटर गेली. घोड्याने फुर्र केलं आणि ती म्हणाली उतरवा मला. कुणी आग्रह केला नाही, मीही नाही, लग्नाला चौदा वर्षं झाली, कुठे आग्रह करायचा ते कळतं. ती उतरली आणि भावोजींबरोबर चालायला लागली, आणि खरं सांगायचं तर दिवसभर त्या दोघांनी जितकं पाहिलं तितकं आम्ही कुणीच पाहिलं नाही, आम्ही घोड्याच्या दोन कानांच्या मधून समोर बघत होतो. तिच्या घोड्यावर मग आम्ही आलटून पालटून बसलो. चार घोडे, बसणारे पाच, एक जण कायम पायी. ठरवून केलं नव्हतं पण हे फार उत्तम झालं, घोडेपण थोडे मोकळे राहिले.

मुख्य रस्त्यावर काही ठिकाणी मातीचे पेव्हर ब्लॉक टाकलेत, तिथे आलो की मामा घोडा कडेच्या मातीवर घ्यायचे. नालाला पकड मिळत नाही म्हणे, उतारावर तर नाहीच. घोडेवाल्यांचा या ब्लॉकना विरोध आहे आणि ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंय एवढं मी पेपरात वाचलं होतं, पण एका वळणावर पुढच्या घोड्याचा मागचा पाय ब्लॉकवर सर्रकन गेला आणि त्याने स्वतःला सावरलं, त्याच्यावर ताईची मुलगी होती, तेव्हा ते पेपरातलं राहिलं नाही. कोर्टात दुसरी बाजूही असेल, चिखल-धुळीत राहणाऱ्यांना, दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रस्ता हवाच आहे. मला दोन्ही पटतं आणि माझ्याकडे उत्तर नाही.

बाजाराच्या दक्षिणेला पेमास्टर पार्क ओलांडलं की गर्दी संपली. अलेक्झांडर पॉइंटची वाट घनदाट झाडीतून, तांबडी जांभ्याची माती, टापांचा आवाज येत नाही, धप धप असा काहीतरी येतो, आणि चामड्याची करकर. कुणी बोलेना. पोरंसुद्धा. अलेक्झांडरला उतरलो, समोर गार्बट डोंगराची सोंड आणि खाली उल्हास नदीचं खोरं. मग रामबाग, मग पुढे सरळ चौक पॉइंट, माथेरानचं दक्षिण टोक. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर मॅलेट खालच्या चौक गावातून याच बाजूने, चौक आणि वन ट्री हिलच्या मधल्या घळीतून वर चढला आणि रामबागकडून उतरला, आणि तिथून माथेरान हिलस्टेशन व्हायला लागलं, हे मी पोरांना सांगत होतो, तर ताईचा मुलगा म्हणाला म्हणजे त्याला घोडा नव्हता? नव्हता बाबा. मामा म्हणाले, "आमची ठाकर, धनगर माणसं होती की आधीपासून इथे. त्याने काय शोधलं?" त्यावर मी गप्प बसलो.

चौक पॉइंटला दुपारच्या जेवणाला थांबलो. माझ्या प्लॅनप्रमाणे वीस मिनिटं. मामांनी तंग सैल केले, लगामाची कडी तोंडातून काढली, घोड्यांना सावलीत बांधून पाणी दाखवलं, आणि स्वतः डबा उघडून बसले. मी घड्याळ बघत होतो. ते म्हणाले, ते खातंय तोवर नाही निघायचं, आणि खाल्ल्याखाल्ल्यापण नाही निघायचं. सव्वा तास गेला. बायकोने थेपले, ताईने शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी आणली होती, मामांच्या डब्यात सुकटीची चटणी, ती भावोजींनी निम्मी संपवली. खाली मोरबे धरणाचं पाणी, पलीकडे इर्शाळचा सुळका. वन ट्री हिल बाजूलाच दिसतो, तिथे आम्ही चालत जाऊन आलो, घोडे तसेच पेंगत उभे.

परतीला पश्चिमेच्या कडेने शार्लोट लेकपर्यंत. सपाट वाटेवर मामांनी माझ्या घोड्याचा दोर सोडला आणि जिभेने टक् टक् केलं, आणि घोडा दुडक्या चालीवर गेला. दुडकी ही गोष्ट सिनेमात दाखवत नाहीत. तिथे एकतर घोडा चालतो किंवा चौखूर उधळतो, मधली ही चाल म्हणजे मिक्सरवर बसल्यासारखी, तुम्ही वर जाता तेव्हा खोगीर खाली गेलेलं असतं आणि खाली येता तेव्हा ते वर येत असतं. मामा मागून ओरडत होते, "उठा-बसा करा, उठा-बसा!" म्हणजे त्याच्या तालावर रिकिबीत उठायचं आणि बसायचं, एक-दोन, एक-दोन. मला साताठ पावलं जमलं. माझ्या मुलीला लगेच जमलं, ती पुढे निघून गेली, तिची वेणी आणि घोड्याची शेपटी एका तालात उडत होती आणि धावत तिच्याबरोबर जाणारा घोडेवाला पोरगा दमून हसत होता.

शार्लोट लेकला पिसरनाथाच्या देवळात दर्शन घेतलं, घोडे बाहेर. तिथून एको पॉइंट अगदी जवळ पण ताई म्हणाली नको आता, मांड्या संपल्या. लुईझा राहिला, पॅनोरमा तर दुसऱ्या टोकाला, तो राहिलाच. बारातले तीन घोड्याने आणि एक पायी, तलाव धरला तर पाच. साधारण दहा-अकरा किलोमीटर, मधल्या थांब्यांसकट साडेपाच तास. बाजारात उतरल्यावर ठरल्याप्रमाणे पैसे दिले, थांबलेल्या वेळाचे मामा कमी घ्यायला तयार होते, ते आम्ही कापले नाहीत, कारण घोडा उभा असला तरी तो आमच्यासाठीच उभा होता. मुलीने उरलेले हरभरे तळहातावर धरले आणि मामांनी ते तिला सगळे संपवू दिले.

दस्तुरीपर्यंत शटल मिळाली, टॅक्सी मिळाली, नेरळला सहानंतरची लोकलपण वेळेवर आली. गाडीतून उतरताना ताईने मला सांगितलं की पुढच्या वेळी मला मामांचा तोच घोडा पाहिजे, आणि भावोजी म्हणाले मला पुढच्या वेळी सुकट. सगळ्यांचे बूट, सॉक्स, कानाच्या पाळ्या, सगळं तांबडं झालेलं. डबा जवळजवळ रिकामा होता, सलग तीन बाकं मोकळी. बायको आणि भावोजी खिडकीशी आरामात बसले, आणि आम्ही घोड्यावरचे पाचही जण डोंबिवलीपर्यंत उभे राहून आलो.